पूर्वीपेक्षा चांगला

आमच्या लाँड्रीत तिला सगळे साहेब म्हणत. ती मालकीण नव्हती, मुकादमही नव्हती. आमच्यासारखीच रोजच्या कामावरची बाई. पण ऑफिसातला माणूस जागेवर नसला की फोन ती उचलायची, आणि पलीकडच्या हॉटेलवाल्याला वाटायचं, खुद्द मालकच बोलतायत. "हो साहेब, चालेल साहेब, उद्या पाठवा साहेब," म्हणून तो आदबीनं फोन ठेवायचा. चादरी फाटून आल्या म्हणून भांडायला फोन करणारेसुद्धा तिचा आवाज ऐकून नरम पडत. आम्ही मग "साहेब आली", "साहेब जेवायला बसली" असं बोलायला लागलो. व्याकरणाचं वाटोळं झालं असेल, कामाचं झालं नाही.

आवाजच तसा होता तिचा. घोगरा, भसाडा, पार खालच्या पट्टीतला, आणि वाक्य संपता संपता खरखरणारा. जन्मापासून तसाच, असं ती म्हणायची. शाळेत कवितेच्या तासाला बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की तू नुसते ओठ हलव. पुढे लग्न ठरता ठरता मोडलं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत होती, पण सासूबाई म्हणाल्या, ही दाराआडून बोलली तर घरात परका पुरुष शिरल्यासारखं वाटेल. हे सगळं साहेब स्वतःच हसत हसत सांगायची, नक्कल करून. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, पण हसायचे, कारण ती फार छान सांगायची.

मी इस्त्रीच्या रोलरवर असते. एका बाजूनं ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं कोरडी कडक चादर ओढून घ्यायची, दिवसभर. साहेब पलीकडे धुण्याच्या मशीनवर. मधे ड्रायरची रांग. सगळं एकदम चालू झालं की शेजारच्या बाईनं कानात ओरडलेलं ऐकू येत नाही. आम्ही बाकीच्या किंचाळायचो आणि आमच्या किंचाळ्या त्या घरघरीत विरून जायच्या. साहेबाचा आवाज मात्र त्या घरघरीच्या खालून यायचा आणि थेट माझ्यापर्यंत पोचायचा. तिनं कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. म्हणून शिफ्ट सुटताना मशीन बंद करायला सांगायचं काम तिच्याकडेच असायचं.

माझं तोंड वाईट आहे. लाँड्रीतल्या एकाही माणसाला मी चिडवल्याशिवाय सोडलेलं नाही, मालकालासुद्धा. पण तिच्या आवाजावरून मी तिला कधी बोलले नाही. ते काम तिच्या आईचं होतं.

आई आणि ती, दोघीच राहायच्या, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. काचबिंदूनं आईची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. डोळे गेले तरी म्हातारी खमकी होती. भिंतीला हात लावत घरभर फिरायची, चहा करायची, मला माझ्या पावलांवरून ओळखायची. मग हळूहळू डोक्यातलंही जायला लागलं. नवरा वारलाय हे विसरली. जेवण झालंय हे विसरली. कधी म्हणायची हे घर आपलं नाही, चल आपल्या घरी जाऊ. पण संध्याकाळी दारात साहेबानं "आई, आले गं" म्हटलं, की आतून लगेच यायचं, "आलीस का, भसाडे?" आणि मग सगळं जागेवर यायचं. घर आपलं व्हायचं, भूक लागायची, कुठे काय ठेवलंय ते आठवायचं. मी पुष्कळदा तिच्याबरोबर जायचे, म्हणून हे पाहिलंय. विजेचं बटण दाबावं तसं व्हायचं. साहेब म्हणायची, "माझ्या आवाजाचा एवढा तरी उपयोग झाला बघ."

त्या हिवाळ्यात तिला खोकला झाला. खोकला गेला आणि जाताना आवाज घेऊन गेला. आधी आवाज मधेच तुटायला लागला, मग नुसती हवा यायला लागली. फोन उचलणं बंद झालं. मशीन बंद करायला सांगण्यासाठी ती हात हलवायची. ते सगळं चाललं असतं. पण घरी, दारात उभी राहून ती "आई, आले" असं कुजबुजली, आणि म्हातारी भिंतीला चिकटून उभी राहिली. कोण आहे, कोण फुसफुसतंय, म्हणून ओरडायला लागली. साहेब जवळ गेली तर तिनं हातातला पेला फेकून मारला. खालचा सायकलवाला वर आला, तेव्हा कुठे ती शांत झाली.

त्या दिवसापासून म्हातारी तिच्या हातचं जेवेना. सायकलवाल्याच्या बायकोनं भरवलं तर जेवायची. दिवसभर एकच विचारणं, माझी मुलगी अजून कशी आली नाही. मुलगी समोर बसलेली असायची, आणि तोंड उघडायची तिला भीती वाटायची.

म्हणून ती दवाखान्यात गेली. कामासाठी नाही, स्वतःसाठीही नाही. मी बरोबर होते, कारण तिचं म्हणणं डॉक्टरपर्यंत पोचवायला कुणीतरी आवाजाचं माणूस हवं होतं.

मोठ्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टरांच्या शेजारी एक छोटी अंधारी खोली होती. तिथे आवाज मोजतात, असं पाटीवर नव्हतं, पण मोजणाऱ्या मुलीनं आम्हाला तसंच सांगितलं. आवाज मोजतात हे मला तेव्हा कळलं. कपडे वजनावर घेतात, दूध लिटरवर, पण आवाज कशावर मोजणार? मी तसं म्हटलं तर ती मुलगी हसली. भली मुलगी होती. मी मनातल्या मनात तिचं नाव मोजणीवाली ठेवलं.

तिनं आधी साहेबाला विचारलं, बिघडण्यापूर्वी आवाज कसा होता. साहेब कुजबुजली, "चांगला." मोजणीवालीनं ते लिहून घेतलं. मी चमकून साहेबाकडे पाहिलं, पण म्हटलं, जाऊ दे. आयुष्यभर लोकांनी नावं ठेवली. एका परक्या पोरीपुढे बाईनं स्वतःच्या आवाजाला चांगलं म्हटलं तर बिघडलं कुठे.

मग तिनं साहेबाची जीभ फडक्यात धरून तोंडातून एक काठीसारखी दुर्बीण आत घातली. समोरच्या पडद्यावर घशाच्या तळाशी दोन पांढुरक्या पट्ट्या दिसल्या. माणूस बोलतो ते ह्याच दोन पट्ट्यांनी, मोजणीवाली म्हणाली. त्या एकमेकींवर आपटतात, सेकंदाला शेकडो वेळा, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. मग हा दिवा आवाजाच्या तालावर उघडझाप करतो, आणि पट्ट्या सावकाश हलल्यासारख्या दिसतात. खरं तर ते हलणं एका वेळचं नसतंच. ह्या आपटण्यातला एक तुकडा, त्या आपटण्यातला एक तुकडा, असं जोडून डोळ्यांना दाखवलेलं असतं. "म्हणजे फसवणूकच की," मी म्हटलं. "उपयोगी फसवणूक," ती म्हणाली.

पण साहेबाच्या बाबतीत तीही जमेना. "ई म्हणा, एका सुरात," असं ती सांगत होती, आणि साहेबाच्या तोंडून हवा येत होती. सूरच नाही तर दिवा ताल कुठला धरणार? पडद्यावरचं चित्र नुसतं उड्या मारत होतं. मग तिनं गळ्याभोवती एक पट्टा बांधला, त्यात दोन्ही बाजूंना दोन धातूच्या चकत्या. पट्ट्या जुळल्या की रेघ वर जाते, सुटल्या की खाली येते. साहेबाची रेघ जेमतेम थरथरत होती. "जुळतच नाहीयेत," मोजणीवाली हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी चित्र पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. एका पट्टीवर नवी गाठ होती. पण दोन्ही पट्ट्या मुळातच सुजलेल्या, जाड होत्या, वर्षानुवर्षं. सिगारेट ओढता का, त्यांनी विचारलं. साहेबानं मान हलवली. मी म्हटलं, ती नाही ओढत, पण आमच्या लाँड्रीत वाफ आणि साबणाचा धूर आहे, तो सगळ्याच ओढतो. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आता आत जाणारच आहोत तर गाठ काढू आणि ती जुनी सूजही साफ करू. दोनदा कशाला भूल द्यायची.

साहेबानं माझा हात धरून मला काहीतरी सांगितलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "ती विचारतेय, आवाज परत येईल ना?"

"येईल," डॉक्टर म्हणाले. "पूर्वीपेक्षा चांगला येईल."

साहेब स्वतःच कुजबुजली, "पूर्वीसारखा आला तरी पुरे."

डॉक्टर कौतुकानं हसले. त्यांना वाटलं, बाई समाधानी आहे. मलाही तसंच वाटलं. तिथे त्या खोलीत तीन शहाणी माणसं बसली होती आणि तिघांनाही तिचं साधं मराठी कळलं नाही.

ऑपरेशन झालं. नंतर काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी सक्त ताकीद होती. साहेब मूग गिळून बसली. आईजवळ मी जायचे. म्हातारी मला इस्त्रीवाली म्हणायची. "इस्त्रीवाले, माझी पोर कुठाय गं?" मी सांगायचे, बाहेरगावी गेलीय, येईल. साहेब तिथेच कोपऱ्यात श्वास रोखून बसलेली असायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. पण तेव्हा आशा होती. खोटं बोलायचे पण हलक्या मनानं बोलायचे.

मग आवाज उघडायचा दिवस आला. पुन्हा ती अंधारी खोली, पुन्हा दुर्बीण, पुन्हा गळ्याला पट्टा. "ई म्हणा," मोजणीवाली म्हणाली. आणि कुणीतरी "ई" म्हटलं. मी मागे वळून पाहिलं, दारात दुसरी पेशंट आली की काय म्हणून. दारात कुणी नव्हतं.

तो स्वच्छ, मोकळा, उंच पट्टीतला आवाज होता. रेडिओवर बातम्या देतात तसा. पडद्यावर दोन पट्ट्या संथपणे जुळत होत्या, सुटत होत्या. रेघ एकसारखी वर खाली जात होती, माझ्या रोलरवरून निघालेल्या चादरीच्या घडीसारखी नीट. मोजणीवालीनं जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. आकडे दाखवले. सगळे आकडे बाईमाणसाच्या निरोगी आवाजाचे जसे असायला हवेत तसे होते. डॉक्टर येऊन पाहून गेले, त्यांनी दुसऱ्या दोन डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं.

"हा माझाच का?" साहेबानं विचारलं.

"तुमचाच," मोजणीवाली म्हणाली.

साहेब घाईनं निघाली. डॉक्टरांचे आभार मानायचंही तिला सुचलं नाही, ते मी मानले. वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, आवाज जपतेय.

जिना चढून ती दारात उभी राहिली. मी तिच्या मागे एक पायरी खाली. आत म्हातारी पलंगावर बसून पांघरुणाची घडी करत होती आणि मोडत होती. साहेब म्हणाली, "आई, आले गं."

म्हातारीनं मान वर केली. चेहरा आदबशीर झाला. पांघरूण बाजूला सारलं.

"या, बसा," ती म्हणाली. "कोण हवंय तुम्हाला?"

त्या पेल्यानं लागलं नव्हतं इतकं ह्या 'या'नं लागलं. चाळीस-पन्नास वर्षं जिला आई भसाडे म्हणाली, तिला आता तुम्ही. साहेब तशीच उभी. मग गुडघ्यांवर बसून तिनं सांगितलं, आई, मीच आहे, माझं ऑपरेशन झालं, आवाज बदलला. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझ्या मुलीचा आवाज असा नाही हो, भसाडा आहे, तुम्ही भलत्याच घरी आलात. मी पुढे झाले. म्हटलं, "मावशी, अहो हीच तुमची पोर. मी सांगतेय ना."

"इस्त्रीवाले, तू थट्टा करतेस," म्हातारी म्हणाली. "तुझी सवयच आहे ती."

खरंच होती. आयुष्यात एकदा खरं बोलायची वेळ आली आणि माझ्या तोंडावर कुणाचा विश्वास नव्हता.

साहेबानं आपले हात तिच्या हातात दिले. म्हातारीनं ते चाचपले, बोटं, तळवे, नखांजवळच्या भेगा. मला वाटलं, आता कळेल. "तुम्हीही धुण्याच्याच कामावर का?" म्हातारीनं विचारलं. "माझ्या पोरीचे हात असेच झालेत. तुमच्या तिथे सगळ्याच बायकांचे होत असतील." आणि त्या क्षणापासून म्हातारीच्या डोक्यात पक्कं बसलं की ही लाँड्रीतली बाई, मुलीनं पाठवलेली. निदान तिच्या हातचं जेवायला ती तयार झाली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. आधी मुलगी यायची वाट होती. आता मुलगी येत नाही, परकी बाई पाठवते, हे दुःख त्यात आलं.

साहेबाचा भाऊ दूर राहतो. तो अधूनमधून फोन करतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. त्याला नवा आवाज इतका आवडला की त्यानं बायकोलाही ऐकवला. "ताई, काय गोड आवाज झालाय गं तुझा!" मग म्हणाला, आईला दे. आईनं फोनवर त्याचा आवाज पहिल्या शब्दाला ओळखला. वर्षानुवर्षं घरात पाऊल न टाकलेल्या मुलाला "कसा आहेस रे बाळा" म्हणून रडली. साहेब फोन तिच्या कानाशी धरून उभी होती. मी तिथे असते तर फोन जिन्यावरून खाली टाकला असता.

लाँड्रीत सगळ्यांना आनंद. मालकानं पेढे नाही पण चहा पाजला. फोनवर हॉटेलवाले आता म्हणायचे, "मॅडम, तुमचे साहेब कुठे आहेत?" ती म्हणायची, "सुट्टीवर आहेत." आम्ही हसायचो. शिफ्ट सुटताना तिनं मशीन बंद करायला सांगितलं, तर तो गोड आवाज घरघरीत कुठे गेला कळलंच नाही. ती पुन्हा हात हलवायला लागली.

एक दिवस मला म्हणाली, दवाखान्यात चल. मी विचारलं, दुखतंय का? "नाही. त्यांना सांगायचंय, पहिल्यासारखा करून द्या."

डॉक्टरांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा ते चिडले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाले, जे काढलं ते काढलं, सूज परत भरता येत नाही. आणि कुणी भरून देतो म्हणाला तरी घेऊ नका. मोजणीवाली कागद चाळत होती. म्हणाली, "पण ताई, तुम्हीच सांगितलं होतंत, आवाज चांगला होता म्हणून. भसाडा होता असं म्हणाला असतात तर आम्ही..."

"चांगलाच होता," साहेब म्हणाली. "आईला ओळखू यायचा."

मी इतके दिवस समजत होते की तिनं लाजेपायी तसं सांगितलं. ती मुळीच लाजली नव्हती. तिला विचारलं आवाज कसा होता, तिनं खरं ते सांगितलं. कुणाचं चुकलं असं विचाराल तर कुणाचंच नाही, आणि मला चीड येते ती ह्याचीच. कुणाचं चुकलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते.

मोजणीवालीच्या मनाला ते फार लागलं. तिनं विचारलं, जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का, निदान तो कसा होता ते बघता येईल. साहेबाकडे काहीच नव्हतं. आपला आवाज कशाला कोण साठवेल? माझ्या मोबाईलमध्ये एक तुकडा सापडला. ड्रायरवरचा माणूस चादरींच्या ढिगावर झोपला होता म्हणून मी गंमत म्हणून टिपला होता. त्यात चित्र त्याचं, आणि मागून आवाज साहेबाचा: "चार नंबर बंद कर रे. पुरे झालं आता, घरी जा."

मोजणीवालीनं तो तुकडा मशीनला लावला. पडद्यावर रेघांचं नुसतं जंगल उगवलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. "मशीनची घरघर मोजली जातेय," ती म्हणाली. "ह्यांचा आवाज त्यात वेगळा निघत नाहीये." मला तर तो कानाला स्वच्छ वेगळा ऐकू येत होता. पण माझ्या कानांचे आकडे निघत नाहीत. आणि निघाले असते तरी आकडे घेऊन घरी जाऊन ती काय करणार होती? निघताना मुलीनं तिला बजावलं, घसा आवळून खालचा आवाज काढू नका, पट्ट्या नव्या आहेत, इजा होईल.

तिनं ऐकलं नाही. मी तो तुकडा तिच्या मोबाईलवर पाठवला होता. मोरीचं दार लावून, नळ सोडून ती तो ऐकायची आणि घसा आवळून तसं बोलायचा सराव करायची. खालच्या सायकलवाल्यानं मला विचारलं, वर कोण पुरुष आलाय का? मी म्हटलं, हो, साहेब आलेत. तो बिचारा कोड्यात पडला.

एका रविवारी मी तिथेच होते. ती मोरीतून बाहेर आली, दारापर्यंत गेली, पाय वाजवत परत आत आली आणि म्हणाली, "आई, आले गं." बरंच जमलं होतं. म्हातारी क्षणभर थांबली. मग तिचा चेहरा असा झाला की मी कधी पाहिला नव्हता.

"बाई, तुम्ही चांगल्या घरच्या वाटता," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या आवाजाची नक्कल करू नका. जन्मभर लोकांनी तिला चिडवलंय. निदान माझ्या घरात नको."

साहेब जिथे होती तिथेच खाली बसली. आणि मला राग आला. कुणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. मी मोबाईल काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि तो तुकडा लावला.

"चार नंबर बंद कर रे. पुरे झालं आता, घरी जा."

म्हातारी ताडकन उठली. "आलीस का, भसाडे?" चेहरा असा उजळला की आंधळ्या डोळ्यांतही काहीतरी आलं. "किती वाट बघायला लावलीस! जेवलीस का?" मी काय करणार? पुन्हा लावला. चार नंबर बंद कर रे. म्हातारी हसली. "बघा," ती साहेबाला म्हणाली, "घरी आली तरी हिच्या डोक्यातलं काम जात नाही." मग तिनं हात पुढे केला, आवाज आला त्या दिशेला. साहेबानं तो हात हातात घेतला. म्हातारीनं बोटं चाचपली आणि हळूच सोडवून घेतली. "तुमचा नाही हो बाई," ती म्हणाली. "तिचा द्या."

त्या दुपारी म्हातारी घरभर फिरली. पलंगाखाली चाचपलं, मोरीत पाहिलं, दाराची कडी काढली आणि घातली. आत्ता तर होती, आत्ता तर बोलली, कुठे गेली. साहेब तिच्यामागे फिरत होती, पडू नये म्हणून, हात न लावता. मला म्हणाली, "तो तुकडा पुसून टाक." तिनं तिच्याकडचाही पुसला. मीही पुसला. माझ्याकडून झालं नसतं, पण ती माझ्याकडे बघत उभी होती.

त्यानंतर म्हातारी खंगत गेली. आता ती पलंगावरून उठत नाही. साहेबानं अर्धवेळ काम मागून घेतलं. मालकानं दिलं, कारण फोनवर आता कुणी घाबरत नाही, तेव्हा तिची तशी गरजही उरली नाही. घशात पुन्हा काही होतंय का ते पाहायला मोजणीवालीनं तिला मधे एकदा बोलावलं. सगळं उत्तम निघालं. मुलीनं तिला रेघ दाखवली नाही, नुसतं सांगितलं. मला ती पोर त्यामुळे आवडते.

परवा मी गेले तेव्हा साहेब आईचे केस विंचरत होती. दोघी बोलत होत्या, शेजारणी बोलतात तशा, अहो-जाहो करत. म्हातारी तिला मुलीच्या गोष्टी सांगत होती. लहानपणी जत्रेच्या गर्दीत पोर हरवली होती, सगळी माणसं शोधत होती, आणि मी एका जागी उभी राहून नुसती ऐकत राहिले, म्हणाली. हजार पोरं रडत होती, माझं एकच भसाडं रडत होतं. सरळ तिच्यापाशी गेले. "हे तिला कधी सांगितलं नाही मी," म्हातारी म्हणाली. "उगाच डोक्यावर बसली असती."

साहेबाचा कंगवा थांबला, मग चालू झाला. म्हातारीचे डोळे वाहत होते. ते तिनं पदरानं पुसले नाहीत, तिला ते कळलंच नसावं. मग कळलं. ती वळली आणि हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "बाई, एक ऐका. ती आली ना, की तिला सांगू नका हं, मी वाट बघून रडले ते. तिला वाईट वाटेल."

"नाही सांगत," साहेब म्हणाली. त्या स्वच्छ, मोकळ्या, सगळे आकडे बरोबर असलेल्या आवाजात.

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. मग साहेबानं विचारलं, "पाणी देऊ का?"

"द्या," आई म्हणाली.